दातांत शेव, हातात बोरू

कलावंत जातो, पण त्याची कला अमर राहते.

हे वाक्य परवा तुमच्या शोकसभेत मंडळाच्या अध्यक्षांनी दोनदा म्हटलं, एकदा माइक बंद असताना आणि एकदा सुरू झाल्यावर. तात्या, माझी नोकरी सगळी कॉलेजच्या लायब्ररीत गेली. कुणी काही ठामपणे बोललं की जाऊन पडताळायची खोड आहे. काल पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीत जाऊन आले. ज्या भिंतींवर आणि फाटकांवर तुम्ही उभी हयात अक्षरं रंगवलीत, त्यांच्यावर आता फ्लेक्स आहेत, नाहीतर नुसताच चुना. एका बंद कारखान्याच्या कुंपणावर तुमच्या हातची एकच पाटी सापडली. 'यहाँ थूकना मना है.' अक्षर तुमचंच, शंका नाही. 'थ'ची ती ऐटदार गाठ दुसऱ्या कुणाला जमणार. लोकांनी बरोबर तिथेच थुंकलेलं आहे.

अमरत्वाचं हे असं. पण मला दुसरंच सांगायचंय. त्या शोकसभेसाठी तुमचं स्मृतिपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. ते कसं झालं हे तुम्हालाच सांगितलं पाहिजे, कारण बाकीच्यांना अक्षर चांगलं आलं एवढंच दिसतं, आणि तेही चष्मा असला तर.

आपल्या मंडळाची रीत तुम्हीच जिवंत ठेवलेली. माणूस साठीचा झाला, निवृत्त झाला, त्याने हॉलला पंखे दिले, की मानपत्र. वारला की स्मृतिपत्र. जाड कागदावर, बांबूच्या कामटीला तिरपा काप देऊन केलेल्या बोरूने, हाताने लिहिलेलं. कारखान्यांचं काम फ्लेक्सने खाल्लं तेव्हापासून तुम्ही तेच करत होतात. इंदूरमधल्या निम्म्या मराठी दिवाणखान्यांत तुमचं अक्षर टांगलेलं आहे, बहुतेक घड्याळाखाली. तुमचं स्मृतिपत्र कोण लिहील हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. फोन वाजला तेव्हा पडला.

"ताई, मजकूर व्हॉट्सॲपवर टाकलाय," अध्यक्ष म्हणाले. "थोडा भारी झालाय, पण भावना आहेत ना."

मजकुरात तुम्हाला अक्षरमहर्षी केलं होतं, माळव्याचं भूषण केलं होतं, शिवाय एका ओळीत तुम्ही दीपस्तंभ होतात आणि पुढच्याच ओळीत वटवृक्ष.

"भावना राहू द्या," मी म्हटलं, "पण कागद एकच आहे."

"तो फॉन्ट छोटा करा ना, ताई. क्या दिक्कत है?"

बोरूचा फॉन्ट छोटा करा म्हणणारा माणूस तुमच्या शोकसभेचा अध्यक्ष होता. त्या क्षणी मला तुम्हाला फोन करावासा वाटला. नंबर लावलाही. काकूंनी उचलला. मी विचारलं, "काकू, जेवलात का?" त्या म्हणाल्या, "अगं, आत्ता सकाळचे साडेनऊ वाजलेत."

मग विजय नगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, चांगल्या उजेडात, मोठ्या टेबलाशी बसून लिहायला घेतलं आणि चार कागद वाया घालवले. मजकूर मी निम्मा केला होता, महर्षी गेले होते, वटवृक्ष गेला होता. खालच्या ओळी बऱ्या यायच्या. वर तुमचं नाव आलं की हात लाकूड. 'यशोधर'ची वरची रेघ ओढताना ती मधेच थरथरायची, जणू चालत्या सिटी बसमध्ये बसून लिहिलंय. पाचव्या कागदाला मी आरशात पाहिलं, तर खांदे कानांपर्यंत चढलेले. तुम्ही पाच वर्षं खर्चून ते खाली आणले होते. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि ते परत जागेवर.

पहिला दिवस आठवतो का? मी निवृत्त झाले होते आणि लोक मला भजनी मंडळात ओढत होते. त्यातून सुटायला म्हणून छत्रीबागेत तुमच्या दाराशी आले. तुम्ही काही न विचारता बोरू हातात दिलात आणि म्हणालात, एक उभी रेघ काढ. मी शाळेतल्या हुशार मुलीसारखी ताठ बसले, श्वास कोंडला आणि काढायला घेतली. तेवढ्यात तुम्ही मागून येऊन माझ्या बोटांतला बोरू वर उपसलात. बोरू निघाला नाही. त्याच्याबरोबर मीच खुर्चीवरून उठले.

"बघा," तुम्ही आतल्या काकूंना ओरडून सांगितलंत, "बोरू मागितला तर बाईच आली हातात." आणि मला, "बाई, तू बोरू धरलायस की बसचा डंडा? कोण पळवून नेतंय? मी? मेरे पास तो और चालीस पड़े हैं."

बाई म्हणायचात आणि अरेतुरे करायचात. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

नंतर कित्येक महिने ती परीक्षा चालू राहिली. कधीही, कुठल्याही अक्षराच्या मधे, मागून हात यायचा. बोरू अलगद निघाला तर तुम्ही तो तसाच परत बोटांत ठेवायचात. अडकला तर कागद गेला. हळूहळू माझ्या लक्षात आलं की तुम्ही मला 'सैल हो' असं एकदाही म्हटलं नाहीत. विजय नगरला आमच्या इमारतीसमोर एक केंद्र आहे, तिथे गार हवेच्या हॉलमध्ये एक गुरुजी शंभर माणसांना एकदम सैल व्हायला सांगतात. माणसं बाहेर येतात आणि गाडी काढताना हॉर्नवर हात ठेवून भांडतात. सैल हो म्हटल्यावर सैल झालेला माणूस मी पाहिलेला नाही. तुम्ही सांगायचा नाहीत, फक्त पकडायचात.

शेव तर खासच. काकूंच्या डब्यातली लौंगची शेव, त्यातली लांबशी कांडी निवडून तुम्ही माझ्या पुढच्या दातांत धरायला लावलीत. "ओळ पूरी होईपर्यंत सेव तुटली नाही पाहिजे." मला तो पोरखेळ वाटला. पहिल्या शब्दालाच कट्कन तुटली. दुसरी तुटली. तिसरी मी चिडून खाल्लीच. तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की मी लिहिताना दातांवर दात दाबते. अक्षर कागदावर, बोरू हातात, मग जबड्याचं तिथे काय काम? पण जबडा आवळला की मान आवळते, मान आवळली की खांदा, आणि खांदा आवळला की रेघ मनगटातून ओढली जाते, अर्ध्यात संपते आणि थरथरते. तुम्ही ही साखळी कधी समजावून सांगितली नाहीत. मी एका जाड पुस्तकात शोधून काढली आणि स्नायूंची नावं तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही शांतपणे ऐकलंत.

"पुस्तकात लिहिलंय ना? मग बरोबर असेल. आता ढील दे."

ढील हा तुमचा संक्रांतीचा शब्द. पतंगाला ढील, मांज्याला ढील, बोरूला ढील.

तिसरी युक्ती मला सगळ्यात अवघड गेली. मोठी रेघ ओढायला घेतली की तुम्ही मुद्दाम काहीतरी फालतू विचारायचात. भाजी काय केली. वरच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा अजून भुंकतो का. उत्तर द्यायचं आणि रेघ थांबवायची नाही. उत्तर येत नाही म्हणजे श्वास कोंडलाय. मी आयुष्यभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसलेली बाई. काम करताना बोलायचं हे मला पाप वाटायचं. एकदा रेघेच्या मधे तुम्ही विचारलंत, "नवऱ्याची आठवण येते का?" मी म्हटलं, "येते." रेघ सरळ गेली. तो कागद मी जपून ठेवलाय.

आता मला कुणी म्हणेल, हे सगळं गुरुभक्तीचं बोलणं. म्हणून सांगते, मी ताडून पाहिलं होतं. एका रविवारी घरी तीच ओळ मी कधी मूठ आवळून, दात आवळून लिहिली आणि कधी शेव धरून. कागदामागे खुणा केल्या, सगळे एकत्र पिसले आणि तुमच्यासमोर टाकले. तुम्ही पत्ते वाटावेत तशा दोन गड्ड्या केल्यात, चहा थंड व्हायच्या आत. एकही कागद चुकला नाही. सांगायची लाज वाटते, पण मग मी स्वतःच पाहिलं तर मलाही कळत होतं. आवळून लिहिलेली अक्षरं शिस्तीत उभी होती, पण सगळी एकाच जागी पाहणाऱ्या शिपायांसारखी. दुसरी चालत होती.

तरी मी वाद सोडला नाही. "मग मेहनतीचं काय?" मी विचारायचे. लहानपणापासून ऐकत आले, घाम गाळल्याशिवाय काही मिळत नाही.

"घाम कागदावर पडतो, बाई. शाई पसरते."

"तात्या, विनोद नको."

"विनोद कुठे? मेहनत बैठकीत ठेव. रोज येऊन बस, पाठ दुखेपर्यंत बस. हातात कायको ठेवतेस?"

मी म्हणायचे, तुम्हाला सोपं आहे. तुम्ही चुकलात तर भिंतीला परत चुना लावायचा. आमच्याकडे एक नोंद चुकली तर प्राचार्यांच्या खोलीत उभं राहावं लागायचं. जिला चुकायची परवानगीच नव्हती तिने ढील कशी द्यायची? तुम्ही हातातला बोरू पुसून ठेवलात. मग म्हणालात, "चूक झाली तर कागद जाईल. तू तर कुठे जात नाहीस ना?"

मी नाहीच गेले. तुमचं उत्तर अर्धवट राहिलं असं माझं अजूनही मत आहे. तुमच्याशी यावर आणखी एकदा भांडायचं होतं, चांगलं तासभर, काकू पोहे आणून मधे ठेवतील तोपर्यंत. या सोळा दिवसांत मला सगळ्यात जास्त कशाची ओढ लागली असेल तर त्या भांडणाची.

आणि आता ते, जे मी बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यातलं मानपत्र. ज्या उद्योगपतीला ते द्यायचं होतं त्याने मंडळाच्या हॉलला नवं छत दिलं होतं, त्यामुळे विशेषणंही छताइतकी. त्या महिन्यांत तुमचा हात हलायला लागला होता. तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचात आणि थंडी फार आहे म्हणायचात. मी शेजारी बसून शाई देत होते. मजकूर तुम्ही ओढत नेलात. मग वरचं नाव आलं. मी पाहिलं, तात्या. तुमचे खांदे वर गेले. जबडा आवळला. बोरूवरची बोटं पांढरी पडली. ज्याने मला पाच वर्षं बसचा डंडा सोडायला शिकवलं, तो माणूस माझ्यासमोर डंडा धरून बसला होता. रेघ गेली, वाकली, थरथरली आणि संपली. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. "ठीक आहे," म्हणालात, आणि आत जाऊन पडलात.

माझ्या हाताशी काकूंचा डबा होता. एक कांडी काढून तुमच्या दातांत द्यायची, आजची भाजी विचारायची आणि कोरा कागद पुढे सरकवायचा. तुम्ही माझ्यासाठी हजारदा केलंत, मला एकदा करायचं होतं. मी केलं नाही. तुम्ही ऐंशीचे, मी शिकाऊ; मोठ्या माणसाला असं सांगायचं नसतं. त्याला मी आदर म्हणत होते.

मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी धरून चालले होते. कागद घरी नेला, दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं मानपत्र नव्याने लिहिलं, तुमच्या वळणाने, आणि तुमच्या नावावर देऊन टाकलं. समारंभात अध्यक्ष म्हणाले, तात्यांचा हात बघा अजून कसा आहे. टाळ्या पडल्या. तुम्ही पहिल्या रांगेत बसून त्या कागदाकडे बराच वेळ पाहत होतात. घरी जाताना रिक्षात तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "रेघ चांगली आली."

पाच वर्षांत तुम्ही चांगली म्हटलेली ही एकच रेघ. ती तुमची म्हणून म्हणालात की माझी म्हणून, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि रिक्षावाल्याला वळण सांगितलं. त्यानंतरही पुष्कळ दिवस होते. रोज वाटायचं, आज सांगू. शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी येऊन तुमच्याशी मंडळाच्या निवडणुकीबद्दल बोलले.

पाच कागद वाया गेल्यावर मी सामान पिशवीत भरलं आणि बस धरून छत्रीबागेत आले. शोकसभा दुसऱ्या दिवशी होती. काकूंना म्हटलं, इथे बसून लिहू का? त्यांनी तुमच्या टेबलावरची औषधं उचलली आणि जागा करून दिली. मी बोरू बुडवला आणि तसाच ठेवला. मग त्यांना सगळं सांगितलं, मानपत्राचं. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

काकू भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं मला. म्हणाले, बाईने पूरा कागद बदलला. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, 'ध'च्या आधी रेघ तुटते तिथे ती श्वास घेते, तिथलं टोक तिचंच आहे."

हे तुम्हीच शिकवलं होतंत. 'ध', 'भ'वर डोक्यावरची रेघ जिथे तुटते तिथे श्वास घ्यायचा, जुन्या लोकांनी सोय करून ठेवलीय म्हणायचात.

"रागावले होते?"

"काय की. डबा घेऊन बसले आणि अर्धी शेव संपवली. म्हणाले, आता बाईला लागत नाही, आपणच खाऊ." त्यांनी एक देठ मोडला. "पण तू त्यांना टोकायला हवं होतं, हं. तुझी वाट बघत होते ते. मला म्हणाले, ती मला ढील दे म्हणेल वाटलं होतं."

काकूंनी हात पुसले, फडताळातून डबा आणला आणि माझ्यापुढे आपटला.

कांडी निवडून मी दातांत धरली. कागद घेतला. आधी खालचा मजकूर लिहिला, तुम्ही करायचात तसा, वरचं नाव सगळ्यात शेवटी. 'यशोधर' लिहिलं. रेघ राहिली. बोरू टेकवला आणि खांदे चढायला लागले, मला कळत होतं. मागून कुणी बोरू ओढणार नव्हतं.

"घरी आज भाजी काय केलीस?" काकूंनी विचारलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

दातांत शेव असताना जसं येतं तसं म्हटलं, "दोडकी." रेघ निघाली होती. 'शो' ओलांडून गेली, तुटली. तिथे मी श्वास घेतला. 'ध' आणि 'र' पार करून ती पलीकडे गेली, खांद्यातून, आणि थांबली. माझे डोळे भरले होते तरी हात हलला नव्हता. त्या दोघांचा काही संबंध नसतो, हेही मला तेव्हाच कळलं.

काकू उठून आल्या आणि चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

"चांगली आली," त्या म्हणाल्या. "तोंड दाखव."

मी दाखवलं. शेव शाबूत होती. मऊ पडली होती. खाल्ली.